सहलीला नाव देण्याआधी

भात झोडून झालं, दिवाळी सरली की आपल्या तळेघरच्या पट्ट्यात दोन प्रकारची माणसं फिरू लागतात. एक भाताचे व्यापारी आणि दुसरे सहलीची नावं लिहून घेणारे. या दुसऱ्यांच्या हातात छापील पत्रक असतं. वर गणपतीचा नाहीतर महादेवाचा फोटो, खाली ठिकाणांची लांबलचक यादी, चहा-नाश्ता-जेवणासह माणशी अमुक रुपये, पैकी आगाऊ अमुक. 'अष्टविनायक दोन दिवसांत', 'पाच ज्योतिर्लिंग', 'काशी-प्रयाग-गया'. बचत गटाच्या बैठकीत विषय निघतो, एकीनं नाव दिलं की शेजारची देते, आणि रात्री जेवताना घरात प्रश्न येतो, जायचं का?

शेतीखात्याच्या माणसाला सहलीतलं काय कळतं, असं कोणी म्हणेल. पण अभ्यास दौऱ्यांच्या निमित्तानं शेतकऱ्यांनी भरलेल्या बसमध्ये मी बरेच दिवस काढले आहेत. करपा रोगाचं औषध विचारायला आलेला माणूस जाता जाता सहलीचंही विचारतो. म्हणून हे चार शब्द. जाऊ नका, असं सांगायला हा लेख नाही. बसची सहल कोणाला मानवते आणि कोणाला नाही, ते आधी घरी बसून कसं ठरवावं, एवढाच विषय आहे.

सुरुवात आपल्याच रस्त्यावरून करू. मंचर-घोडेगावकडून भीमाशंकरला जाणारी गाडी तळेघरवरूनच जाते. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तर विचारूच नका. सहलीची बस थांबते, पन्नास माणसं उतरतात, कोणी चहा घेतं, कोणी "अजून किती लांब?" विचारतं, बायाबापड्या आडोसा शोधतात आणि दहा मिनिटांत गाडी हलते. डिंभ्याचं पाणी त्यांनी खिडकीतून पाहिलेलं असतं. हिरड्याचं झाड कोणतं ते ठाऊक नसतं. भीमाशंकरच्या जंगलातलं शेकरू पाहायला सवड नसते, कारण दर्शनाच्या रांगेतच दिवस कलतो आणि यादीतलं पुढचं ठिकाण वाट बघत असतं. जून २०२५ मध्ये रेल्वेनं मुंबईहून छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावानं पर्यटन गाडी सोडली, सहा दिवसांची. तिच्या यादीत शिवनेरीही होता आणि भीमाशंकरही. शिवनेरी किल्ला धड पाहायचा तर जुन्नरकरालाही अर्धा दिवस लागतो. या पाहुण्यांना आपण हसतो खरं, पण पत्रकावर सही केली की आपणही दुसऱ्या कुणाच्या गावात असेच पाहुणे होणार असतो.

आता अष्टविनायकाचा हिशेब मांडून बघा. मोरगाव, सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर, रांजणगाव. पाच पुणे जिल्ह्यात, दोन रायगडात, एक नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. पुण्यातून निघून पुण्यात परत यायचं धरलं तर साधारण साडेसहाशे किलोमीटरचा फेरा होतो. घाट, गावातली गर्दी, टोलनाका सगळं धरून गाडी तासाला सरासरी चाळीस किलोमीटर कापते असं माना. म्हणजे सोळा तास नुसते बाकावर. पहाटे पाचला उठून रात्री नऊला पाठ टेकली तर दोन दिवसांत हाताशी तास येतात बत्तीस. त्यातले सोळा गेले. चहा, नाश्ता, जेवणं यात चार तास सहज जातात. आठ ठिकाणी पन्नास माणसं उतरवायची, परत मोजून चढवायची, "अमक्याच्या आई कुठं राहिल्या?" म्हणून हाका मारायच्या, त्यात दोन तास. उरले दहा. म्हणजे एका देवाला सव्वा तास, रांगेसकट. संकष्टी किंवा सुट्टीचा दिवस असेल तर रांगच तेवढा वेळ खाते. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. गुडघे धरलेल्या माणसानं सव्वा तासात चढायचं कधी, दर्शन घ्यायचं कधी आणि उतरायचं कधी? शेवटी तो पायथ्याशी बसतो आणि तिथूनच हात जोडतो. पैसे मात्र आठही ठिकाणांचे दिलेले असतात.

शिवाय हा फेरा पुण्यापासूनचा झाला. आपण तळेघरहून निघणार, तेव्हा घाट उतरून मंचर गाठण्याचा आणि परत येण्याचा वेळ त्यावर आहेच. 'पाच ज्योतिर्लिंग' या सहलीची तर गंमत आहे. त्र्यंबकेश्वर, घृष्णेश्वर, परळी, औंढा नागनाथ आणि पाचवं भीमाशंकर. जे देवस्थान आपल्या दारात आहे त्याचेही पैसे आपल्याच माणसाकडून घेतले जातात आणि आपला माणूस देतोही!

तेव्हा पत्रक हातात आलं की ठिकाणं मोजू नका, तास मोजा. नाव लिहून घेणाऱ्याला सरळ विचारा, कुठल्या ठिकाणी किती वाजता पोचणार आणि किती वाजता हलणार? त्याच्याकडे लिहिलेलं वेळापत्रक असेल तर माणूस कामाचा. "ते आमच्याकडं लागलं, तुम्ही फक्त बसा" असं उत्तर आलं तर पत्रक घडी घालून ठेवून द्या.

मग अशी सहल मानवते कोणाला? माझं मत विचाराल तर लांबच्या यात्रेला, आणि एकट्यानं कधी न गेलेल्या माणसाला. काशी, प्रयाग, गया इथली भाषा वेगळी, पाट्या वेगळ्या, ठगवणारे निराळेच. स्टेशनावरची पाटी वाचता येत नाही अशा आपल्या म्हाताऱ्या माणसांना तिथं बरोबरीचे चाळीस जण आणि आवाज देणारा एक व्यवस्थापक असणं हाच मोठा आधार आहे. सामान गाडीत राहतं, जेवणात आपली भाकरी-आमटी मिळते, मुक्काम शोधावा लागत नाही. आमच्या एका दौऱ्यात साठी ओलांडलेल्या एक आजी होत्या. माहेर, सासर आणि लेकीचं घर सोडून चौथ्या गावात त्या आयुष्यात पहिल्यांदाच झोपल्या. रात्री धर्मशाळेच्या ओट्यावर बायकांबरोबर गप्पा मारत बसल्या, त्या उठायलाच तयार नव्हत्या. त्यांना शेतातलं काय दिसलं कोण जाणे. त्यांची सहल मात्र सार्थकी लागली. कित्येक बायांना घरातून बाहेर पडायला 'सगळ्या चालल्यात' हे एकच कारण चालतं. घरच्या पुरुष मंडळींनी ठिकाणांचा हिशेब घालताना हेही ध्यानात घ्यावं.

मानवत नाही ती पुढच्यांना. ज्यांना एका जागी शांत बसायला आवडतं, देवळात तासभर टेकल्याशिवाय समाधान होत नाही, त्यांना. ज्यांचा दुसऱ्याच्या हुकुमावर उठण्या-बसण्यात जीव गुदमरतो, त्यांना. आणि ज्यांना गाडी लागते, त्यांना. आपल्या भागात गाडी लागणारी माणसं पुष्कळ आहेत, कारण बसची सवयच कमी. घोडेगावच्या बाजाराला जाऊन येईपर्यंत ज्याचं डोकं उठतं, त्यानं सोळा तासांच्या प्रवासाला नाव देण्याआधी एक दिवसाची लहान सफर करून बघावी. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची ती निघण्याआधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. पुढची जागा मागून घ्यावी. साखर-रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर तळेघरच्या आरोग्य केंद्रात तपासून घ्यावं आणि पुरेल इतकं औषध अंगावरच्या पिशवीत ठेवावं, बसच्या टपावर टाकलेल्या पेटीत नको.

आणखी एक, जे कोणी बोलत नाही. वाटेत संडास-मुतारीची सोय नीट नसते म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. उन्हात रांगेत उभं राहून चक्कर येते ती यामुळेच. दर दोन-अडीच तासांनी गाडी बायकांसाठी सोय असलेल्या जागीच थांबेल, हे निघण्याआधी कबूल करून घ्या. बैठकीत लाजू नका.

पैशाचं म्हणाल तर पत्रकावरचा आकडा म्हणजे सगळा खर्च नव्हे. उदाहरण धरू. माणशी ३,००० रुपये, नवरा-बायको दोघं, म्हणजे ६,०००. दोन दिवस सहल आणि तिसरा दिवस अंग दुखण्यात जातो. दोघांचे मिळून सहा रोज बुडाले. रोज ४०० रुपये धरला तर २,४००. आपल्याकडची कितीतरी कुटुंबं भात झाल्यावर नारायणगाव-मंचरकडे टोमॅटो-कांद्याच्या मजुरीला उतरतात, त्यांना हा हिशेब वेगळा सांगायला नको. ओटी, प्रसाद, नारळ, नातवाला खेळणं, वाटेतली उसाची रसवंती, यात १,५०० कुठं गेले कळत नाही. बेरीज ९,९००. घरी राहिलेल्या म्हशीची धार कोण काढणार, वैरण कोण टाकणार, त्याचंही काही द्यावं लागतं. हौसेला मोल नसतं हे खरं, पण उधारीला व्याज असतं. गटातून सहलीसाठी कर्ज उचलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा महिना २५० रुपये वेगळे टाकले तर वर्षाचे ३,००० होतात आणि पुढच्या मार्गशीर्षात निर्धास्त जाता येतं.

वेळही बघावी. आपल्याला मोकळीक असते ती भात घरात आल्यापासून राब भाजणीपर्यंत. उन्हाळ्यात हिरड्याचे चार पैसे मिळायचे दिवस, ते सोडून कोणी जात नाही. आणि पावसाळ्यात घाटातून हौसेची सहल काढूच नये. ३० जुलै २०१४ ला माळीणवर काय ओढवलं, ते या पट्ट्यातल्या माणसाला दुसऱ्यानं सांगावं लागत नाही.

गाडी कोणती, हे सगळ्यात आधी

आता जे लिहितो ते नीट वाचा. ११ ऑगस्ट २०२५, श्रावणी सोमवार. शेजारच्या खेड तालुक्यात पाईट भागातल्या कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांचा पिकअप घाटातून खाली कोसळला. एकाच गावच्या कितीतरी बाया गेल्या. देवाला निघाल्या होत्या, लांबही जायचं नव्हतं. पिकअप आणि टेम्पो ही मालाची गाडी आहे. तिच्यात टोमॅटोचे क्रेट बांधता येतात, माणसं बांधता येत नाहीत. चढावर मागं वजन पडलं की चालकाच्या हातात काही राहत नाही. वर अपघात झालाच तर मालाच्या गाडीत बसलेल्यांच्या वारसांना विम्याची भरपाई मिळवताना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. 'जवळच तर जायचंय' आणि 'माणशी पन्नास रुपयांत होतंय' ही दोन वाक्यं ऐकू आली की सरपंच, पोलीस पाटलांनी मध्ये पडायला हवं. जत्रेच्या दिवशी गाडी वेशीवर अडवली तर चार लोक नाराज होतील. होऊ द्यावेत.

बस आहे म्हणून डोळे मिटावेत असंही नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी बसनं महाबळेश्वरला सहलीला निघाले. पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात बस दरीत गेली. ३० जण दगावले, एकच वाचला. आमच्याच क्षेत्रातली माणसं होती ती, शिकली-सवरलेली, प्रवासाची सवय असलेली. तेव्हापासून दौऱ्याच्या दिवशी मी पहिल्यांदा गाडीभोवती एक चक्कर मारतो. नंबराची पाटी पिवळी आहे का, म्हणजे गाडी भाड्याच्या वाहतुकीची आहे का. टायर गुळगुळीत झालेत का. संकटकाळी बाहेर पडायचं दार उघडतं का, की त्याला सामान लावून ठेवलंय. योग्यता प्रमाणपत्र आणि विम्याची तारीख. रात्रीचा प्रवास असेल तर चालक दोन आहेत का. हे सगळं बघायला दहा मिनिटं लागतात. गाडीमालकाला राग आला तर येऊ द्या.

अभ्यास दौऱ्याविषयी थोडं

ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो), सरपंच आणि सोसायटीची मंडळी हे पान वाचतात, म्हणून हा मुद्दा. अभ्यास दौरा हीसुद्धा एक प्रकारची बस सहलच आहे आणि तिचेही तेच रोग आहेत. दौरा कृषी विज्ञान केंद्राचा, मुक्काम शिर्डीला! तीन दिवसांत सात ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी हार, नारळ, चहा, एक भाषण आणि गाडीत परत. घरी आल्यावर काय पाहिलं विचारलं तर जेवण चांगलं होतं, एवढंच आठवतं.

हिवरे बाजारला राज्यभरातून बसगाड्या जातात. पोपटराव पवारांनी १९९० च्या सुमारास गावाची सूत्रं हाती घेतल्यापासून तिथं जे काम झालं ते पाहण्याजोगंच आहे. पण तिथला पाऊस ४०० मिलिमीटरच्या आसपास, आणि आपल्याकडं त्याच्या कित्येक पट. तिथले चर पाहून तसेच्या तसे आपल्या उतारावर काढायला गेलो तर पहिल्या जोरदार पावसात माती घेऊन जातील. तिथून आणायची गोष्ट वेगळी आहे. गावानं पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा, आणि पाणी किती आहे ते बघून पीक ठरवायचं. एवढ्यासाठी पन्नास माणसं न्यायची गरज नाही. आठ-दहा जण, त्यात निम्म्या बाया, आणि एक पूर्ण दिवस एकाच गावात, असं करावं.

भाताचं घ्या. आपल्या खाचरातला इंद्रायणी वाण १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला. हे केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, पहाटे निघालं तर एका दिवसात जाऊन येता येतं. पण दौरे निघतात कधी? मार्च महिन्यात, निधी संपवायला. तेव्हा खाचरात काय दिसणार, धसकटं? भात बघायचं तर ऑक्टोबरात, लोंबी भरलेली असताना गेलं पाहिजे, म्हणजे शेजारी शेजारी लावलेल्या वाणांतला फरक डोळ्यांना कळतो. भाजीपाला आणि ठिबकासाठी नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र तर त्याहून जवळ. एक पीक, एक ठिकाण, लहान गट, असा दौरा आखून अर्ज घेऊन या. कागदं पुढं सरकवायला आम्ही आहोत.

जवळचं आपलं आपण

जवळच्या ठिकाणांना पॅकेजची बस नको, या मताचा मी आहे. लेण्याद्री आणि ओझर शेजारच्या जुन्नर तालुक्यात. गाडीच्या वेळा बघून एसटीनं जायचं, हवं तितका वेळ बसायचं, दमलं तर जुन्नरला पाहुण्याकडे मुक्काम करायचा. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मं, आणि ७५ च्या पुढे ऑगस्ट २०२२ पासून मोफत. जन्मतारखेचा पुरावा जवळ ठेवावा, आजोबांच्या आधार कार्डावर नुसतं सालच असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्यावं.

चार दिवस फिरायचं असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास आहे. १९८८ पासूनची ही योजना, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास मिळतो. दर बदलत असतात, ते आगारात विचारावेत. आपल्याकडे या पासची माहितीच फार थोड्यांना आहे. पाट्या वाचता येणारा एक तरुण बरोबर असला तर चौघा-पाचांचा मेळ या पासवर मनासारखा फिरून येतो आणि आवडलं तिथं एक दिवस जास्तही राहतो.

गावचीच चाळीस-पन्नास माणसं एकत्र निघणार असतील तर एसटी 'प्रासंगिक करारा'वर पूर्ण गाडी देते. भाडं किलोमीटरवर ठरतं. कुठं किती थांबायचं ते बऱ्याच अंशी आपणच ठरवायचं असल्यानं आठ ठिकाणांच्या जागी चार ठेवता येतात. साध्या फेरीच्या सवलती करारावरच्या गाडीला लागू होतात का, ते पैसे भरण्याआधी आगारात स्पष्ट करून घ्या.

साठी ओलांडलेल्यांसाठी राज्य सरकारनं जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना काढली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असणाऱ्यांना यात्रेचा खर्च माणशी ३०,००० रुपयांच्या मर्यादेत देण्याची त्यात तरतूद आहे. प्रकृती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो. अर्ज कधी घेतात, यात्रा कुठली निघते याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी लागेल. ग्रामपंचायतीनं एकदा पत्र पाठवून ती केली तर दहा म्हाताऱ्यांचे पुण्याचे हेलपाटे वाचतील. आणि खाजगी सहलवाल्याला आगाऊ रक्कम दिलीच, तर पावतीवर गाडीचा प्रकार, निघण्याची तारीख आणि सहल रद्द झाली तर किती पैसे परत, या तीन गोष्टी लिहून घ्या. पावती घरात ठेवा, बरोबर सहलीला नेऊ नका.